वगाचा कर्ता

"शेवटचं पान म्या देणार न्हाय, नाना," असे म्हणून गोरोबाने वहीतून फाडलेला कागद छातीशी धरला.

तमाशाच्या फडाचे मालक हरिबा नाना पेटीवर बसले होते. येरमाळ्याच्या जत्रेतील दुपारचा खेळ तासाभरावर आला होता आणि वगाचा शेवट अद्याप कोणासही पाठ नव्हता.

"काय पायजे तुला?"

"नाव. आधी पुकारा, वगाचा कर्ता गोरोबा, मुक्काम जळकोट. अकरा वर्सं म्या लिवतो अन् पुकारा तुमचा!"

"फड माझा हाय."

"शबुद माझं हाईत."

त्र्याहत्तर सालच्या त्या दुष्काळाने विहिरी व माणसांची तोंडे सारखीच कोरडी केली होती. त्या कोरड्या तोंडांवर हसू आणणे, हे एकच कार्य गोरोबास उरले होते. प्रतिवर्षी तो सोसायटीच्या चेअरमनचे सोंग लिही. सोंग कोणाचे, हे लोक तत्काळ ओळखत. लिहिणारा मात्र कोणासही ठाऊक नव्हता.

"नावानं काय हुतंय रे?" नाना हळू म्हणाले. "गुमान लिवत जा. घरी हरणाबाई हाय, लेकरं हाईत."

"हरणा खडी फोडती, नाना. नवरा काय करतो म्हनून बाया इचारत्यात. तिला सांगता येत न्हाय."

चाळ बांधता बांधता चांगुणा नाचीण हसली. "पुकारा की, नाना! तुमचं नाव काय झिजतंय व्हय?"

नाना तिच्याकडे पाहत राहिले. मग गोरोबाकडे वळले.

"पुन्यांदा इचार कर."

"केला."

"आण मग ते पान."

खेळाआधी नानांनी स्वमुखाने नाव पुकारले. वग रंगला. चेअरमनचे सोंग पाहून हसता हसता माणसे एकमेकांच्या अंगावर पडली. पडद्यामागे गोरोबा उपरण्याने डोळे पुसत होता. हे आज हरणेने ऐकावयास हवे होते, असे त्यास वाटले.

खेळ संपताच पडदा सारून चेअरमनचे चार इसम आत आले. त्यांच्या हाती काठ्या होत्या.

नाना उठले. त्यांनी फेटा उतरवून पेटीवर ठेवला, अंगरखा काढला आणि भिंतीकडे तोंड करावे तसे कनातीकडे तोंड करून ते उभे राहिले. पाठीवर जुन्या वळांची दाटी होती.

"अंगात घाला ते, नाना," पुढचा इसम म्हणाला. "औंदा तुमी न्हाय. जळकोटचा गोरोबा कंचा?"