डाव्या काखेतला पट्टा

एकच कलमा पढणाऱ्या दोन फौजा फुरात नदीकाठी समोरासमोर उभ्या होत्या. रिवाजाप्रमाणे आधी एकेका वीराची झुंज व्हायची होती. पैगंबरांच्या काळापासून लढत आलेला म्हातारा इयास निघाला, तेव्हा त्याचा सरदार पुतण्या म्हणाला, “काका, समोर हुबैश आहे. तुमचा जुना सोबती. त्याचं चिलखत कुठे उघडं पडतं?” “डाव्या काखेत. तिथला पट्टा कायम सुटतो. वर्षानुवर्षं मीच तो बांधायचो.” “मग वार तिथेच करा.” इयास गुडघे सांभाळत गेला. पलीकडून हुबैश लंगडत आला. दोघांनाही धाप लागली होती. “सलाम, म्हाताऱ्या. अजून आहेस?” इयासने विचारलं. “सलाम. मरण मलाही विसरलंय.” पट्टा लोंबत होता. “हात वर कर,” इयास म्हणाला. हुबैशने डोळे मिटून हात वर केला. गाठीला दोन्ही हात लागतात, म्हणून इयासने तलवार वाळूत टाकली.