अर्धीच हाक

रानशेतच्या छोट्या रेडिओ केंद्रावर दौलतबुवा दर एकादशीला कीर्तन करत. नजर पार गेलेली, पण कान तिखट. अलीकडे जवळच्या कासा गावच्या बाजारात एकाही टपरीवर आपलं केंद्र वाजताना ऐकू येईना, तेव्हा बुवांच्या मनात पाल चुकचुकली.

"निर्मला, केंद्र बंद पडलंय ना गं? भिंतींपुढे नाही हो गाणार मी!"

"काहीतरीच काय बुवा! अख्खा पाडा ऐकतो तुम्हाला," मशीन सांभाळणारी निर्मला म्हणाली.

"मग कीर्तन चालू असताना खिडकीखाली कोण असतं?"

"शेळी असेल."

"शेळी कथेच्या ऐन भरात हुंदका देते होय?"

रेडिओवर समोर श्रोते नसतात, म्हणून जयघोषाची हाक आणि तिचं उत्तर, दोन्ही बुवाच देत. त्या एकादशीला त्यांनी माइकपुढे नुसतीच हाक दिली, "बोला, पुंडलिक वरदे..." आणि कान टवकारून गप्प बसले.



केंद्र बंद पडल्यापासून दर एकादशीला खिडकीखाली तोंडाला पदर लावून ऐकत बसणाऱ्या अख्ख्या पाड्याला तेवढं मात्र आवरलं नाही, "हाऽऽरि विठ्ठल!"