बाबांचा तळहात

“घाबरतेस काय? आजोबांनी मला याच विहिरीत पोहायला शिकवलंय,” असं लेकीला सांगत वसुधाने पायरीवरून बिनधास्त उडी मारली आणि दगडासारखी खाली गेली.

तिच्या मोठ्या बहिणीने, सुलूताईने, नेसत्या साडीनिशी उडी टाकून तिला वर ओढलं. वसुधा खोकता खोकता म्हणाली, “ताई, मी पोहायला विसरले गं!”

“पोहणं कुणी विसरत नाही.” सुलूताई पाण्याकडे बघत म्हणाली. “ती आठवण माझी आहे. तू सहा वर्षांची असताना आईने दवाखान्यात नेऊन तुझ्यात तिचं कलम करून घेतलं. आठवणीचं कलम होतं, हातापायांचं नाही होत.”

“पण का?”

“बाबा कसे होते म्हणून सारखी रडायचीस. ते तर तुझ्या बारशाच्या आधीच घर सोडून गेले होते.”

वसुधाने डोळे मिटले. पाठीला बांधलेला भोपळा, हनुवटीखाली बाबांचा तळहात, “हात मार पोरी, मी आहे ना!” सगळं अजून लख्ख होतं. त्या एका तळहातापायी तिने लकवा झालेल्या बाबांना घरी आणलं, चार वर्षं त्यांचं हगणंमुतणं काढलं. विहिरीचा विषय निघाला की ते नुसते हसायचे. शेवटपर्यंत तिला ‘पोरी’च म्हणायचे. केवढी माया, असं तिला वाटायचं.

“ताई, त्यांना माझं नाव तरी माहीत होतं का गं?”

सुलूताई ओला पदर पिळत राहिली.