मापापुरतं

"अहो, मापापुरतं बसा. माणसाचं वजन पडलं की पुढची दोन चाकं फाकतात. रिकाम्या गाडीचं माप घेऊन काय करू?" कुंदा टेप उघडत म्हणाली.

अर्धांगवायू झाल्यापासून तिच्या नवऱ्याने रस्त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. रेलून चालवायच्या या तीनचाकी सायकलला गल्ली हसेल, असं कुरकुरतच तो बसला.

कुंदाने चाकांमधलं अंतर पुढून मोजलं, मागून मोजलं, उगाच पाना फिरवला. त्याच्या वजनाची तांदळाची पोती सीटवर ठेवून चाकं तिने सकाळीच सरळ केली होती.

"झालं. उतरा."

तो उतरेना. पाय पेडलवर होते. "चक्कर मारल्याशिवाय चाकं सरळ झाली हे तुला कळणार कसं?"

"तेही खरंच," म्हणत कुंदा बाजूला झाली. फाटक तिने आधीच सताड उघडून ठेवलं होतं.