चिठ्ठीत लिहिलं तेच

"चिठ्ठीत लिहिलं तेच करायचं. आपली अक्कल मधात लावायची नाही. समजलं का वं?" पुष्पलतानं तिसऱ्यांदा बजावलं.

स्ट्रेचर धरून उभ्या असलेल्या प्रेमिला, तारा आणि जयवंता यांनी माना डोलावल्या. मागच्या तपासणीत प्रेमिलानं भाजल्याची चिठ्ठी लावलेल्या माणसाच्या धडधाकट हाताला फळी बांधली होती. सगळ्या पथकाचं हसं झालं होतं.

शहरातल्या सदर भागात एका शाळेच्या मैदानावर होमगार्डच्या महिला पथकाची कवायत होती. विमानातून बॉम्ब पडलाय असं समजायचं. खोटे जखमी मैदानात झोपायचे. कुणाला काय लागलं, ते त्याच्या सदऱ्याला टाचलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं. ते वाचायचं आणि तेवढाच उपचार करायचा.

सीमेवरची लढाई संपून दोन महिने झाले होते, आणि सरकारचा हात लगेच आखडला होता. पथकाचं अनुदान चालू ठेवायचं की पथकच मोडायचं, हे आज ठरणार होतं. त्या निर्णयाचा कागद मुंबईहून तपासणीला आलेल्या महादेवराव साहेबांच्या मांडीवरच होता. फक्त सही राहिली होती.

घरी पुष्पलता कुणाची सून, कुणाची बायको. इथं तिच्या शिट्टीवर चाळीस बाया चालत. सासूशी सहा महिने भांडून मिळवलेला हा गणवेश आता पेटीत घालायचा? छे!

साहेब कडुलिंबाखाली खुर्चीत बसले होते. काल कुणीतरी त्यांना सावजीचं झणझणीत मटण खिलवलं होतं. सकाळपासून त्यांनी दोनदा सोडा मागवला. हवेत गारवा होता, तरी ते मानेवरचा घाम पुसत होते.

"मुंबईच्या माणसाले आपला रस्सा झेपत नाही बापा," तारा खुसखुसली.

"गप वं!" पुष्पलतानं दटावलं.

तेवढ्यात देवाजीकाका आले. मिलमधून निवृत्त झालेला हा म्हातारा दर कवायतीत जखमी व्हायचा. तरुणपणी दंडारीच्या लोकनाट्यात सोंगं काढलेली. विव्हळण्यात त्यांचा हात कोण धरणार! मघाशी साहेबांनी त्यांना बाजूला नेलं होतं.

"काय म्हणत होते साहेब, काका?" पुष्पलतानं विचारलं.

"काही नाही. वय इचारलं," म्हणत काका जाऊन मैदानात झोपले.

शिट्टी वाजली. चौघी धावल्या. पुष्पलतानं काकांची चिठ्ठी वाचली. उजवा पाय मोडला.

"फळी! पट्टी!"

"बाई..." काकांनी छाती धरली. "छातीत कळ येऊन राहिली. हात भरून आला."

"काका, पाय! पाय मोडला तुमचा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "साहेब पाहून राहिले."

"जीव घाबरून राहिला वं पोरी..."

"नाटक करून राहिला बुढा," प्रेमिला पुटपुटली. "तू फळी बांध. नाहीतर गेलं आपलं पथक."

पुष्पलताच्या हातात फळी तशीच राहिली. चिठ्ठी एक सांगत होती, म्हातारा दुसरंच. पाय सोडला तर पथक जाणार. आणि नाही सोडला तर?

आग लागो त्या पथकाले!

तिनं चिठ्ठी ओरबाडून फेकली. काकांच्या गुंड्या सोडल्या, त्यांना आपल्या अंगावर टेकवून बसवलं आणि ओरडली, "जीप आणा! कवायत बंद!"

काकांनी हळूच एक डोळा उघडला.

"थांब वं पोरी. मले काही नाही झालं. साहेबानंच सांगितलं होतं. म्हणे चिठ्ठी पायाची ठेवू, दुखणं छातीचं कर. पोरी कागद पाहतात का माणूस पाहतात, ते पाहू. पास झाली तू!"

"अव माय!" जयवंतानं टाळी वाजवली. तारानं स्ट्रेचरच खाली टाकलं. पुष्पलताला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं. काकांच्या पाठीत धपाटा घालून ती साहेबांकडे वळली.

साहेबांची मान छातीवर आली होती. एका हातानं त्यांनी कोट मुठीत धरला होता. कागद खाली पडला होता.

"पहा वं, आता साहेबही सोंग करून राहिले!" प्रेमिला हसली. सगळ्याच हसल्या. कुणी जागचं हललं नाही.

पुष्पलता एकटीच पुढे गेली. गुडघे टेकून खाली बसली, आणि सवयीनं तिनं आधी साहेबांच्या कोटावर चिठ्ठी शोधली.

चिठ्ठी नव्हती.