एक्केचाळीस टक्के

एक्केचाळीस टक्के. अपडेट सुरू आहे. कॉम्प्युटर बंद करू नका.

बाबा दारातच थबकले. मानेवर कापलेल्या केसांचे तुकडे टोचत होते, एका पायात अजून चप्पल होती. पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचं कडं निवांत गोल फिरत होतं.

"ठमे! हे काय चाललंय?"

ठमी म्हणजे त्यांची मुलगी. वय वर्षं अडतीस, पण घरात ठमीच. शेजारच्या खोलीत बसून ती ऑफिसचं काम करायची. ती आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

बाबांनी हात घातला तो थेट प्लगला.

"बाबा, नको! मध्येच वीज तोडलीत तर मशीन कायमचं बसेल."

"बसू दे मेलं!"

पण हात मागे आला. मशीन गेलं तर तीही गेली.

एक्केचाळीसच.

ती म्हणजे ठमीची आई. बत्तीस वर्षं तिने बसडेपोत गाड्या पुकारल्या. निवृत्त झाली आणि पुकारायला गाड्या उरल्या नाहीत, म्हणून तिने नवऱ्याला धरलं. एका दुपारी मोबाइलवर स्वतःचा आवाज भरला आणि कॉम्प्युटरचे सगळे टुंग-टिंग काढून त्यांच्या जागी तो बसवला. मशीन सुरू केलं की, "उठलात? चहा घेतलात का?" पेनड्राइव्ह काढला की, "गेला बरं का तुमचा पाहुणा." आणि बाबांनी भलतंच काही दाबलं की डेपोतल्या त्याच खणखणीत सुरात, "ठमे, धाव गं! बाबांनी पुन्हा घोळ घातला!"

तिघंही पोट धरधरून हसायची.

मग ती गेली. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त. आवाज तेवढा राहिला.

पूर्वी बाबांच्या हातून चुका आपोआप व्हायच्या. आता मुद्दाम कराव्या लागत. सकाळी एक-दोन, दुपारी पेपर वाचून झाला की आणखी चार. नसलेल्या फाइलचं नाव टाकायचं, बटण दाबायचं, डोळे मिटून बसायचं.

भीती एकच. मोठं अपडेट. दोन वर्षांपूर्वी असंच एक आलं आणि तिचे सगळे आवाज काढून कंपनीचे टुंग-टिंग परत बसवून गेलं. तेव्हा ती होती. "माझी बदली केली का मेल्याने?" म्हणाली, आणि संध्याकाळच्या आत पुन्हा रुजू झाली.

आता कोण रुजू होणार?

म्हणून जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले बाबा सत्तरी उलटल्यावर अपडेट थोपवायला शिकले. आधी नुसतं ‘नंतर’. मग ‘एक आठवडा थांबवा’. आठवड्यावर आठवडे चढवले. पाचांपुढे मशीन ऐकेना, तेव्हा सेटिंगमध्ये शिरून त्यांनी आपलं नेट मोजून मिळणारं आहे अशी खूण केली. तसं सांगितलं की मशीन जपून वागतं, मोठं काही आपणहून उतरवून घेत नाही. सात महिने त्यांनी त्याला असं झुलवत ठेवलं होतं.

सदुसष्ट.

बाबा खुर्चीत बसले. चप्पल तशीच.

"मी खूण करून ठेवली होती. हे आपसूक होणं शक्य नाही."

"नाही झालं आपसूक."

"म्हणजे तू..."

"हो. तुम्ही केस कापायला गेलात तेव्हा."

"आता व्हायरसची भीती घालू नकोस मला. येऊ दे व्हायरस! चोरायला आहे काय माझ्याकडे?"

"व्हायरसचं नाही हो, बाबा."

"मग? म्हातारा चळलाय, दिवसभर मेलेल्या बायकोचा आवाज ऐकत बसतो, असंच ना? बोल की तोंडाने!"

ठमीने नकारार्थी मान हलवली.

शंभर.

पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत दोघं दिसली, एक बसलेला, एक उभी. मग पडदा उजळला. चहाचं कुणी विचारलं नाही.

बाबांनी नसलेल्या फाइलचं नाव टाकलं. बटण दाबलं.

टुंग.

पुन्हा दाबलं.

टुंग.

रिकाम्या भांड्यावर चमचा वाजावा तसं.

बाबांचा आवाज एकदम खाली आला. "ठमे, तुला येतं ना गं परत लावायला? असतील कुठेतरी त्या फाइली. लाव ना, बाळा. पाया पडतो तुझ्या."

"असं नका बोलू." ठमीने डोळे पुसले. "माझ्याकडे आहेत सगळ्या. दोन ठिकाणी जपून ठेवल्यात. लावते. चहाचा लावते, पाहुण्याचा लावते. आत्ता लावते. फक्त तो घोळाचा नको."

"तोच तर हवाय मला! बाकीच्यांत ती लाडात बोलते. त्या एकात ती आहे तशी आहे. तोच का नको? तुझं काय जात होतं त्यात?"

ठमीने चौकट घट्ट धरली.

"मी अजून दर वेळी ‘आले गं’ म्हणून धावते, बाबा. इथे दारापर्यंत आल्यावर आठवतं."