तांबडं पेन

ऑफिसात मोठ्या साहेबांना पाठीमागे सगळे 'तांबडं पेन' म्हणायचे. कुणाचंही इंग्रजी पत्र त्यांच्या हातून खाडाखोड न होता सुटलं, असं कधी झालं नव्हतं.

पत्रात बंदराचं नाव चुकल्याने माल भलत्याच बंदरावर गेला आणि मुख्य कचेरीने लेखी खुलासा मागवला. "चूक कबूल करा, म्हणजे नोकरी तरी वाचेल," असं साहेबांनीच टायपिस्टबाईंना सांगितलं. बाई खुलासा टाइप करून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"अहो बाई, चूक 'बाय मायसेल्फ' झाली? मायसेल्फ लिहिल्याने रुबाब वाढत नाही. सरळ 'बाय मी' लिहा."

"भारदस्त वाटतं हो साहेब, म्हणून लिहिलं," बाई ओशाळून म्हणाल्या.

साहेबांनी शब्दावर काट मारली, जाता जाता एक स्वल्पविरामही उडवला आणि कागद पुढे सरकवला. बाईंनी तो उचलला नाही.

"बाकी सगळं बरोबर आहे ना, साहेब? एकदा नीट बघता का?"

साहेबांनी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. मग पेनाला टोपण लावलं, ते खिशात खोल सरकवलं आणि खिडकीकडे बघत पुटपुटले, "बरोबर आहे."



मालाच्या त्या पत्रात बाईंनी बंदराचं नाव मुळात बरोबरच टाइप केलं होतं. ते खोडून वर भलतं नाव लिहिलं होतं ते याच तांबड्या पेनाने.